पुठ्ठा शून्य

इमारतीचा नकाशा ठरत असताना सगळ्यात आधी कुठल्या खोलीवर गदा येते, हे दशांशकाकांइतकं कुणाला ठाऊक नव्हतं. दिवाणखाना कधी आकसत नाही. बाल्कनीला हात लावायची कुणाची छाती होत नाही. पण पंपाची खोली, मीटरची खोली, सफाईवाल्यांनी कपडे बदलायची खोली आणि कचऱ्याची खोली, या चौघी दर बैठकीनंतर थोड्या थोड्या वाळत जातात. वास्तुविशारदाच्या त्या ऑफिसात या चार खोल्या एकतीस वर्षं काकांच्या टेबलावर होत्या. बाकीची मंडळी काचेचे दर्शनी भाग आणि गच्चीवरच्या बागा काढत. काका मात्र या दुर्लक्षित खोल्यांची बाजू घेऊन बसलेले असत, आणि बहुतेक वेळा हरत.

दशांशकाका हे नाव कुणी ठेवलं ते आता कुणाला आठवत नाही, पण ज्याने ठेवलं त्याने नेमकं ठेवलं. दरवाजा किती रुंद, असं विचारलं तर दुसरा कुणीही "सव्वा मीटर" म्हणेल. काका म्हणायचे, "एक दशांश दोन पाच." चहावाल्या मावशींनी किटली पुढे केली की मात्र "पाऊण कप" सांगायचे आणि पाऊणच्या वर चहा गेला तर कपाकडे नापसंतीने बघायचे. ऑफिसात त्यांची टिंगल चाले, पण आकडा हवा असला की सगळे त्यांच्याकडेच येत. दशांशचिन्हानंतर दोन घरं भरलेली दिसली की माणसाची मान आपोआप डोलते. तिथे चूक असेल असं कुणाच्या मनातही येत नाही. या गोष्टीतला सगळा घोटाळा तिथूनच सुरू होतो.

काका एकटे राहत होते आणि हे ऑफिसात कुणाला माहीत नव्हतं.

बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती. त्यानंतर मुलगी, जावई आणि नात त्यांच्याकडेच राहायला आले, आणि दोन खोल्यांच्या त्या घरात चार माणसं दाटीवाटीने पण मजेत राहिली. मग जावयाची बदली झाली, ती अशा लांबच्या गावी की तिथे सकाळ झाली तरी इथे अजून अंधारच असे. तिघं गेले त्याच्या दुसऱ्या दिवशी काका कामावर आले, आणि मावशींनी रोजच्याप्रमाणे कप ठेवता ठेवता विचारलं, "काका, नात काय म्हणते?"

गेली, असं सांगायचं त्यांच्या ओठांवर आलं होतं. पण त्यापाठोपाठ कधी, कुठे, का, मग आता तुमच्या जेवणाचं काय, हे सगळं आलंच असतं. तेव्हा वेळ मारून न्यायला ते म्हणाले, "पुढचा दात पडला तिचा." दात खरोखर पडला होता, जायच्या आदल्या आठवड्यात. मावशी हसल्या, शेजारच्या टेबलावरचे दोघे हसले, आणि काकांचा दिवस बरा गेला.

दुसऱ्या दिवशी मावशींनी पुन्हा विचारलं. एकदा हसून घेतल्यावर आता काय सांगणार? मग ते तसंच चालू राहिलं. दर रविवारी मुलीचा फोन येई, दहा मिनिटांचा. त्यातली एखादी गोष्ट काका आठवडाभर पुरवून पुरवून वापरत. फोन पाच मिनिटांवर आला तेव्हा पदरचं घालू लागले. शाळा सुरू व्हायच्या दिवसांत न चुकता नातीला वरच्या वर्गात घालत. खोटं बोलायचं तरी त्यांना ते नीटनेटकं लागे. तरी एवढ्या काटेकोर माणसाच्या हातून नातीचे पुढचे दोन दात तीन वेळा पडले. कुणाच्या लक्षात आलं नाही, कारण ते मोजणारा माणूस ऑफिसात एकच होता.

अशी तीन वर्षं गेली आणि चौसष्ट घरांच्या त्या इमारतीचं काम आलं. ही इमारत हिरवी होणार होती, म्हणजे पर्यावरणाची काळजी घेणारी, आणि तसं प्रमाणपत्र तिला मिळवायचं होतं. उन्हावर पाणी तापवायचं, पावसाचं साठवायचं, ते सगळं इतरांनी काढलं. नियमावलीत एक कलम सुक्या कचऱ्याचंही होतं. कागद, पुठ्ठा, काच, प्लास्टिक आणि धातू वेगवेगळे ठेवता येतील अशी खोली, राहणाऱ्यांना लिफ्टपासून जवळ पडेल आणि माल उचलणाऱ्या गाडीला दारापाशी येता येईल अशा जागी. काकांना हे कलम वाचून इतका आनंद झाला की त्यांनी ते दोनदा वाचलं. त्यांच्या एका खोलीची बाजू पहिल्यांदाच कुणीतरी लेखी घेतली होती.

त्यांनी मन लावून खोली काढली. भिंतीला खांद्याच्या उंचीपर्यंत फरशी, धुता यावी म्हणून. जमिनीला मोरीकडे उतार. कागद, पुठ्ठा वगैरे प्रत्येक मालाला बुटक्या भिंतींचा एकेक हौद. वास कोंडू नये म्हणून समोरासमोर झरोके. ढकलगाडी आत येऊन वळू शकेल एवढी मोकळी जागा मध्ये. जुन्या बॅटऱ्या आणि फुटक्या दिव्यांसाठी कोपऱ्यात कुलपाचं कपाट. नियमावलीच्या तक्त्याप्रमाणे एवढ्या घरांना चोवीस चौरस मीटर लागत होते. काकांनी लिहिलं, २४.००.

साहेबांनी कागद बघितला आणि चष्मा कपाळावर चढवला. "काका, एवढ्यात माणूस संसार थाटेल."

"तक्त्यात आहे तेवढंच घेतलंय."

"तक्ता आंधळा असतो. खाली बारीक अक्षरात काय लिहिलंय बघा. प्रत्यक्ष मोजणी करून कमी लागतं असं दाखवलं तर कमी चालेल. तळमजल्यावर एका गाडीची जागा कमी पडतेय मला. तुम्ही मोजून बघा ना एका घराचा महिन्याचा कचरा. आणि दुसऱ्याचं घर कशाला शोधता? तुमच्याकडे चार माणसं आहेत. बरोबर सरासरी घर आहे तुमचं."

सगळे काकांकडे बघत होते. मावशी कप गोळा करत होत्या. तीन वर्षं रोज थोडं थोडं केलेलं खोटं एका वाक्यात अंगावर आलं होतं. काका म्हणाले, "मोजतो."

त्यांनी स्वयंपाकघराच्या भिंतीला पाच खिळे ठोकून पाच पिशव्या अडकवल्या, प्रत्येकीवर नाव लिहिलं, आणि वजन करायला ताणकाटा विकत आणला. रोज एक वर्तमानपत्र. रोज एक दुधाची पिशवी. ती ते कापून, धुऊन, चौकोनी घडी घालून ठेवत. गोळ्यांची रिकामी पाकिटं. एक औषधाची बाटली. एका डब्याचं पत्र्याचं झाकण. पुठ्ठ्याच्या पिशवीत पहिल्या आठवड्यात काही पडलं नाही, दुसऱ्यात नाही, तिसऱ्यात नाही. चौथ्या आठवड्यात काका पुठ्ठ्याची चक्क वाट बघू लागले. खोक्यातून येणारी एखादी वस्तू आणावी असंही एकदा वाटलं. पण काय आणणार, आणि कुणासाठी? शिवाय ती लबाडी झाली असती. मोजणीतली लबाडी त्यांना मुळीच खपत नसे.

महिना संपल्यावर त्यांनी सगळे आकडे चारने गुणले. आपण एक आणि घर चार माणसांचं, तेव्हा गुणिले चार. यात त्यांना काही वावगं वाटलं नाही. चार माणसं काही चार वर्तमानपत्रं घेत नाहीत, म्हणजे कागद उलट जास्तच धरला गेला, असं स्वतःला बजावून ते निर्धास्त झाले. पुठ्ठ्यासमोर ०.०० होतं. चार गुणिले शून्य शून्य. म्हणून पुठ्ठ्याचा वेगळा हौद काढून टाकला आणि त्याची सोय कागदाच्या हौदातच केली. उत्तर आलं, साडेअकरा चौरस मीटर. राहिलेल्या साडेबारात नेमकी एक गाडी बसत होती. तक्त्याच्या माथ्यावर त्यांनी सुवाच्य अक्षरात लिहिलं, 'प्रत्यक्ष मोजणी, चार माणसांचे घर', आणि खाली सही केली. साहेब इतके खूश झाले की त्यांनी काकांच्या पाठीवर थाप मारली.

इमारत बांधून पुरी झाली, लोक राहायला आले, आणि दीडेक महिन्यात तक्रार आली. कचऱ्याच्या खोलीचं दार लागत नव्हतं. खोकी बाहेर ओळीने आली होती, जिन्याखाली गेली होती, आणीबाणीच्या दाराला टेकली होती. प्रमाणपत्रासाठी तपासनीस पंधरा दिवसांत येणार होते. रहिवाशांनी बैठक बोलावली. साहेबांनी काकांना आदल्या दिवशीच पाहणीला पाठवलं.

काका पोहोचले तेव्हा माल उचलणारी बाई खोलीच्या दारात खाली बसून खोकी चपटी करत होती. आठवड्यातून दोनदा ती आपली तीन चाकांची गाडी घेऊन येई, म्हणून इमारतीत तिला सगळे गाडीवालीच म्हणत. पायाने खोक्याचा तळ फोडायचा, दोन्ही हातांनी दाबायचं, सुतळीने बांधायचं. काकांनी खिशातून मीटरची पट्टी काढली तशी तिने वर पाहिलं.

"तुम्ही पण माझी चौकशी करायला आलात का?"

"नाही. खोली मोजायला आलोय."

"मोजा. मोजायला किती वेळ लागणार म्हणा." ती बाजूला सरकली. "गाडीचे दोन फेरे करते मी, तरी म्हणतात वेळेवर उचलत नाही. पहिल्या तारखेपासून दुसरा माणूस बघणार आहेत. बघू देत. त्याला काय चार हात आहेत?"

काकांनी पट्टी लावली. भिंती त्यांनी काढल्या तशाच होत्या, सेंटीमीटरचाही फरक नव्हता. उतार बरोबर. झरोके बरोबर. एवढं बरोबर काम त्यांच्या हातून क्वचित पार पडलं होतं, आणि त्यात पाय ठेवायला जागा नव्हती.

"एवढी खोकी येतात कुठून?" त्यांनी विचारलं.

बाई त्यांच्याकडे बघतच राहिली. "कुठून म्हणजे? माणसं राहतात ना इथे." तिने हातातलं खोकं उलटं केलं. "हे पाळण्याचं. चौथ्या मजल्यावर बाळ झालंय. हे बुटांचं, मुलांचे पाय वाढतात. हे मिक्सरचं, सासू आली असणार राहायला, सुनेचा तिला चालत नसेल. वाढदिवस झाला की दहा खोकी, पाहुणे आले की पाच. मला दार उघडावं लागत नाही, घरात काय चाललंय ते खोकी सांगतात." तिने सुतळीला गाठ मारली आणि सहज म्हणाली, "ज्या कुणी ही खोली काढली ना काका, त्याच्याकडे कुणी येत जात नसणार."

काकांनी पट्टी गुंडाळली. ती नीट गुंडाळली जाईना. परत निघताना कुठल्या रस्त्याने चाललो आहोत याकडेही त्यांचं लक्ष नव्हतं. पुठ्ठा शून्य. तो आकडा त्यांनी स्वतःच्या हाताने लिहिला होता, त्याच्याखाली सही केली होती, आणि त्याचा अर्थ काय होतो हे त्यांना आज एका गाडीवालीने सांगितलं होतं. कागद वाढतो, प्लास्टिक वाढतं, ते गुणता येतं. पण चार एकट्या माणसांची बेरीज केली म्हणून चार माणसांचं घर होत नाही. त्यांनी चौसष्ट घरांसाठी खोली काढली होती आणि प्रत्येक घरात स्वतःलाच चार वेळा बसवलं होतं. काकांना रडू आलं, आणि रस्त्यात ते बरं दिसणार नाही म्हणून ते एका दुकानाच्या काचेसमोर उभे राहून कुलपं बघू लागले.

बैठक दुसऱ्या दिवशी तळमजल्यावरच भरली. अध्यक्ष म्हणजे शिस्तीचे गृहस्थ, हातात कागदांची फाइल. एका बाजूला साहेब, त्यांच्यामागे काका, आणि दारापाशी गाडीवाली उभी. तिला बस असं कुणी म्हटलं नव्हतं.

"खोलीत दोष नाही," अध्यक्ष म्हणाले. "मोजणीचा तक्ता माझ्याकडे आहे. दोन दशांशांपर्यंत आकडे आहेत. म्हणजे दोष उचलण्यात आहे. या बाईंना महिनाअखेरीस थांबवावं असं माझं मत."

"मोजणीबद्दल तर शंकाच नको," साहेब म्हणाले. "आमच्या काकांनी स्वतःच्या घरी महिनाभर मोजलंय. चार माणसांचं घर आहे त्यांचं."

गाडीवाली काकांकडे बघत होती. तिच्या नजरेत राग नव्हता. सुतळी संपल्यावर माणूस बघतो तशी ती बघत होती. गप्प बसलं तर काहीच होणार नव्हतं. खोली वाचेल, सही वाचेल, उद्या मावशी कप ठेवतील आणि विचारतील. तेवढ्या एका प्रश्नावर काका पाच वर्षं रोज कामावर आले होते.

"चार नाहीत," काका म्हणाले.

"काय?" साहेबांनी मागे वळून पाहिलं.

"माझ्या घरी चार माणसं नाहीत. एक आहे. मी चारने गुणलं. पुठ्ठा शून्य आला होता, तो शून्यच राहिला. चूक मोजणीत आहे. यांच्या उचलण्यात नाही."

कुणीतरी खुर्ची सरकवली. अध्यक्षांनी फाइल उघडून तक्ता पुन्हा बघितला, जणू तो एक तिथे कुठेतरी लिहिलेला सापडेल. साहेब हळू आवाजात म्हणाले, "अहो पण... तुमची नात?"

"आहे ना. फोनवर आहे."

मग जे व्हायचं ते झालं. बोलाचाली झाली, पण तपासनीस तोंडावर आले होते, त्यामुळे मधली भिंत पाडून खोली चोवीस चौरस मीटरची करायचं ठरलं. गेलेली गाडीची जागा नेमकी अध्यक्षांचीच निघाली, त्यावर ते दोन दिवस कुणाशी बोलले नाहीत. गाडीवालीचं काम राहिलं. साहेब काकांना रागावले नाहीत. रागावले असते तर काकांना बरं वाटलं असतं.

ऑफिसात बातमी पोहोचलेली होती. सकाळी मावशी आल्या, पाऊण कप ओतला, अगदी पाऊण, आणि काही न विचारता पुढच्या टेबलाकडे गेल्या. त्यांच्या मनात वाईट काही नव्हतं. काकांना अवघडल्यासारखं होऊ नये, एवढंच त्यांना वाटलं असेल. दुसऱ्या दिवशीही विचारलं नाही, तिसऱ्याही. शेजारची मंडळी काकांशी जपून, आजारी माणसाशी बोलावं तशी बोलू लागली. रविवारी फोनवर नातीने गाण्याच्या स्पर्धेची खरीखुरी गोष्ट सांगितली, चांगली चार दिवस पुरेल अशी. ती काकांनी कुणालाच सांगितली नाही. खोटं कबूल केलं की खऱ्याला वाट मोकळी होते असं लोक म्हणतात, पण काकांच्या वाट्याला तसं काही आलं नाही. नात पाच वर्षांपूर्वी घरातून गेली होती, आता ऑफिसातूनही गेली.

नव्या भिंतीची आखणी द्यायला ते पुन्हा त्या इमारतीत गेले. गाडीवाली माल भरत होती. काकांनी खडूने रेघ मारली, पुठ्ठ्याच्या हौदाची जागा सगळ्यात मोठी धरली, आणि तिला विचारलं, "एवढा पुरेल?"

"पुरेल. अध्यक्षांची गाडी मात्र रस्त्यावर आली." ती हसली, मग जरा गंभीर झाली. "काका, माझ्यासाठी बोललात तुम्ही."

"तुमच्यासाठी नाही. आकडा चुकला होता."

"बरं, आकड्यासाठी." तिने हात झटकले. "राहता कुठे तुम्ही?"

काकांनी सांगितलं. पाण्याच्या टाकीमागे, पिवळी इमारत, दुसरा मजला.

"पिवळी? तिथे मंगळवारी मीच असते." ती काम थांबवून त्यांच्याकडे नीट बघू लागली. "जिन्यासमोरचं दार? दुधाच्या पिशव्यांच्या चौकोनी घड्या? अगंबाई, ते तुम्ही होय. आम्ही त्या दाराला घडीवाले म्हणतो. बहिणीला मी दाखवते नेहमी, बघ, कचरा टाकावा तर असा टाकावा."

काकांनी खडू खिशात ठेवला. इतकी वर्षं आपल्या दाराबाहेर आपल्याला एक नाव आहे, याची त्यांना कल्पनाच नव्हती.

"मग आता लक्षात राहील," ती गाडीला दोरी बांधत म्हणाली. "मंगळवारी पिशवी बाहेर दिसली नाही तर दार वाजवेन. एकटं माणूस म्हणजे विचारलेलं बरं."

पुढच्या मंगळवारी काका लवकर उठले. सात दुधाच्या पिशव्यांच्या घड्या, सात वर्तमानपत्रं, गोळ्यांचं एक पाकीट, सगळं पिशवीत नीट भरलं आणि पिशवी दाराशी नेली. कडीला हात घातला. मग हात मागे घेतला, पिशवी दाराच्या आत भिंतीला टेकवून ठेवली आणि जवळच्या खुर्चीवर बसून राहिले. मोजणीतली लबाडी न खपणारा तो माणूस, कामावर जायची वेळ टळून गेली तरी उठला नाही.

जिन्यावर चपला वाजल्या. खालच्या मजल्यावर थांबल्या, एका दाराशी, मग दुसऱ्या. वर आल्या. काकांच्या दारापाशी थांबल्या. मग कडी वाजली.

"घडीवाले काका, आहात ना?"

"आहे," काका म्हणाले, आणि दार उघडायला उठले.